मळलेली वाट

शाळेत सुतार बाई सांगायच्या,
मळलेल्या वाटेनं जाऊ नका गं पोरींनो,
आपली वाट आपण पाडावी.
फळ्यावर सुविचार, खाली तारीख.

झल्मयनं पहिल्याच सकाळी उलटं सांगितलं.
माझ्या पावलात पाऊल टाक.
लघवीला बसायचं तरी वाटेवरच, आम्ही पाठ फिरवू.
पांढरा दगड म्हणजे चल.
तांबडा दगड म्हणजे त्याच्या पलीकडं
जमीन अजून लढते आहे,
तह झाल्याचं तिला कुणी कळवलेलं नाही.

मी विहिरी मोजायला गेले होते.
एकशे बारा मोजल्या. पाणी एकोणीस विहिरींत.
बाकीच्यांत दगडगोटे, एकीत शिलाई मशीन,
एकीत काय आहे ते गावानं सांगितलं नाही
आणि माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.
मी 'कोरडी' लिहिलं.

पापाच्या तिकटीवरची चप्पल नेली होती सोबत,
कर्रकर्र वाजणारी. बाबांची हौस.
झल्मयनं ती कानाशी नेऊन हलवली.
हिच्यात कोण आहे?
बी असतं, म्हटलं, तळात घालतात मुद्दाम,
माणूस येतोय हे गल्लीला कळावं म्हणून.
तो इतका हसला की खाली बसला,
वाटेवरच अर्थात.
मग डोळे पुसून म्हणाला, इथं घालू नकोस.

जर्दाळूच्या बागेत एक फुटबॉल पडला होता,
भिंतीपासून वीसेक पावलांवर.
कुणाचा, कधीचा, सगळ्या गावाला ठाऊक.
उन्हानं पांढराफट्ट.
ज्यानं तो मारला त्या पोराला आता मिशा होत्या.
भिंतीवर बसून, बॉलकडं बघत
तो रोटी खायचा.
जर्दाळू पिकून गळायचे आजूबाजूला,
केशरी, फुटलेले, मुंग्या लागलेले.

परत येऊन चार महिने झाले.
दाजी विचारतात, काय बघितलंस तिकडं?
जमीन, मी म्हणते.
व्हय, पण आणि काय?

गंगावेशीत म्हशीची धार वाजते, ग्लासभर फेस येतो.
तिथवर मी दाजींच्या मागं मागं जाते,
ते पाय उचलतात तिथं माझा पडतो.
त्यांना वाटतं, गर्दीमुळं.

पंचगंगेच्या घाटावर शेंदूर फासलेला दगड आहे.
माझ्या जन्माआधीपासून तिथंच.
आत्याबाई चप्पल काढून पुढं गेल्या, डोकं टेकलं,
मागं वळून म्हणाल्या, ये की गं.
मी उभीच.
तांबड्या दगडापाशी माणसं कपाळ नेतात
हे मी बघत होते,
कुठल्या तरी परक्या मुलखाचं प्रवासवर्णन
वाचावं तसं.

आणि काल, रंकाळ्याच्या मागच्या माळावर,
पेठेतली पोरं खेळत होती.
शिकलगारांच्या सुफियाननं असा हाणला
की बॉल थेट गवतात.
कमरेएवढं गवत, वाळून पिवळं पडलेलं.
तो धावत सुटला.
माझं तोंड उघडलं, आवाज आला नाही.
एक, दोन, तीन, मी त्याची पावलं मोजत होते,
अकराव्याला तो दिसेनासा झाला.
बाकीची पोरं पाणी पीत होती,
एकजण बुटाची नाडी बांधत होता.

मग गवत हललं.
बॉल काखेत, मोज्यांना कुसळंच कुसळं.
मी त्याला थांबवलं, खाली बसले,
एकेक कुसळ उपटून काढू लागले.
पोरं ओरडत होती, ए आण की लवकर!
तो एका पायावर डुलत उभा.

म्हटलं, सुफियान,
आत कुठनं कुठनं गेलास, दाखवशील?
मला पण जायचंय.

त्यानं गवताकडं बघितलं, मग माझ्याकडं.
कुठनं बी जावा की, मावशी.